पैलवानची साक्ष

तिला पैलवान हे नाव पडलं ते एका माणसाचं नाक फोडल्यामुळे.

तो माणूस आपल्या बायकोला परत न्यायला आमच्या संस्थेच्या कचेरीत आला होता. हातात सायकलची चेन. बायको आत टेबलाखाली लपलेली आणि दारावर ही. अंगाने इतकी किरकोळ, की फुंकर मारली तर उडेल असं वाटावं. तो म्हणाला, "बाजूला हो." ती म्हणाली, "चेन खाली ठेव, मग बोलू." त्याने चेन फिरवली. ती हिच्या खांद्यावर बसली, सदरा फाटला, रक्त आलं. हिने भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं खाली काढलं आणि सरळ त्याच्या तोंडावर हाणलं. तो गडगडत जिना उतरला आणि खालच्या टायरवाल्याच्या दुकानात जाऊन पडला. टायरवाल्याने त्याला पाणी पाजलं आणि वर बघून विचारलं, "कोण पैलवान ठेवलाय तुम्ही दारावर?" मग जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली ती काडी त्याला दिसली. त्याला हसू आवरेना. तेव्हापासून ती पैलवान. तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं, त्यामुळे तिनेही हरकत घेतली नाही.

मी त्या कचेरीत दुभाषी होते. दुसऱ्या देशांतल्या बायकांच्या संस्थांशी आमचा सतत संबंध असे, त्यांचे फोन, त्यांचे कागद माझ्याकडे. मला दोन परक्या भाषा येतात म्हणून ती मला 'मास्तरीण' म्हणायची. तिची हकीकत तिने मला कधी एका बैठकीत सांगितली नाही. कधी जिना झाडताना एक तुकडा, कधी चहा गाळताना एक. मीच ते जोडले.

ती आधी एका मोठ्या धुलाईखान्यात कामाला होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे येत. हिचं काम वाफेच्या प्रेसवर. चादर खालच्या तव्यावर ताणून बसवायची, पायाने दांडी दाबायची, की वरचा तापलेला तवा खाली बसतो. दिवसभर वाफ, दिवसभर घाम. नवरा त्याच धुलाईखान्याची गाडी चालवायचा. लग्नानंतर वर्षाच्या आतच त्याचा हात उठू लागला. कशावरून, असं मी एकदा विचारलं.

"कारण लागतं होय?" ती म्हणाली. "मीठ जास्त झालं तर मिठावरून, कमी झालं तर मिठावरून. बरोबर झालं तर मी तोंड वर करून बघितलं म्हणून."

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती बॉयलरवाल्याशी बोलताना हसली. नवऱ्याने ते गाडीतून पाहिलं. बाकीच्या बायका अंगणात जेवत होत्या. तो आत आला, त्याने तिचं उजवं मनगट धरलं, पंजा तव्यावर दाबला आणि दांडीवर पाय दिला. तिची किंकाळी अंगणापर्यंत गेली. मालक धावत आला, त्याने वाफ बंद केली आणि पहिलं वाक्य नवऱ्याला उद्देशून म्हणाला, "अरे, मशीन बिघडलं असतं."

त्या हाताची चार बोटं पुढे कायमची एकमेकांना चिकटल्यासारखी राहिली. त्या हाताने तिला सुई धरता येत नसे. नळकांडं मात्र धरता येई.

इथे आमच्या देशातल्या त्या वेळच्या कायद्याबद्दल सांगायला हवं. त्यात एक समेटाचं कलम होतं. बाईला घरच्या माणसाने मारलं आणि तिने तक्रार केली, तर तिच्या माहेरच्या एखाद्या पुरुषाने ठाण्यात येऊन 'समेट झाला' असं तोंडी सांगितलं की तक्रार बंद. बाईला कोणी विचारायचं नाही. कायदा करणाऱ्यांच्या मते हे कलम घरं वाचवण्यासाठी होतं.

हिच्या माहेरी आई, मामा आणि धाकटा भाऊ. भाऊ हिच्याहून बराच लहान. आई कामाला जायची, म्हणून हिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवला होता. तो ठाण्यात आला तेव्हा नुकताच एका गॅरेजात लागला होता, नखांत काळं तेल. हात बँडेजमध्ये गुंडाळून ही बाकावर बसलेली. तो तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच." मग ठाणेदाराकडे वळून मोठ्याने, "समेट झाला, साहेब." नवऱ्याने मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकला. दोघांनी तिथेच ठाण्यात चहा घेतला.

दुसऱ्या वेळी जबडा मोडला. तेव्हाही भाऊच आला. जबड्याला तारा घातल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं, नाहीतर त्या वेळी आपण काहीतरी बोललो असतो, असं ती सांगायची. दवाखान्यातल्या नर्सने मात्र तारा काढताना कानाशी वाकून आमच्या जिन्याचा पत्ता सांगितला. टायरचं दुकान, बाजूला लोखंडी जिना, वरचं हिरवं दार.

तिसऱ्या वेळी ती ठाण्यात गेलीच नाही. सकाळची वेळ, चुलीवर अंघोळीचं पाणी उकळत होतं. नवरा पट्टा काढून आला, बकलाचं टोक मोकळं सोडून. पहिला फटका पाठीवर बसला. दुसऱ्याआधी तिने पातेलं उचललं आणि ते पाणी त्याच्या छातीवर टाकलं. चामडी सोललेल्या अंगाने तो तिच्यावर पडला, गळा धरला, डोकं फरशीवर आपटलं. त्याचा अंगठा तिच्या तोंडाशी आला, तो तिने दातांत धरला.

"हाड लागेपर्यंत सोडला नाही," ती म्हणाली. "जबडा नीट सांधला गेला नव्हता ना, म्हणून वेळ लागला."

अनवाणी, पाठीतून रक्त गळत, ती आमच्या जिन्यावर येऊन बसली. दार वकीलबाईंनी उघडलं.

वकीलबाई आमच्या संस्थेच्या मुख्य. भरल्या अंगाच्या, धापा टाकत चालणाऱ्या, पेन्सिल चावायची सवय. अहो-जाहोशिवाय त्या कोणाशी बोलत नसत, शिव्या देणाऱ्याशीसुद्धा. त्यांनी हिला बघितलं आणि म्हणाल्या, "या, बसा. आधी चहा घ्या. रडायचं असेल तर नंतर रडा, घाई नाही."

ती रडली नाही. चहा प्यायली, फडकं मागून घेतलं आणि जिन्यावर सांडलेलं स्वतःचं रक्त पुसून काढलं. दुसऱ्या दिवसापासून दारावरच्या खुर्चीत बसू लागली. तिला कोणी नेमलं नाही, कोणी उठवलंही नाही.

समेटाचं कलम फक्त आमच्याकडे नव्हतं. शब्द वेगळे, पण आणखी सात-आठ देशांत तसंच काहीतरी होतं. कुठे बापाने सांगायचं, कुठे दिराने, एके ठिकाणी तर मारणाऱ्यानेच. त्या देशांतल्या संस्था आणि आम्ही एकत्र आलो. जगभरातल्या सरकारांची जी मोठी सभा आहे, तिची बायकांच्या हक्कांची एक समिती असते. प्रत्येक सरकारला तिच्यापुढे उभं राहून सांगावं लागतं, आमच्याकडे बायकांचं कसं चाललंय. सरकार आपलं गोड सांगतं, आणि संस्था म्हणतात, थांबा, आमचंही ऐका. त्या वर्षी आमच्या सरकारची पाळी होती. समितीपुढे बोलायला वकीलबाई जाणार होत्या. या साऱ्या संस्थांचं सूत्र धरून होती एक बेटावरची बाई. आम्ही तिला बेटवाली म्हणायचो. फोनवर तिचा आवाज असा, की रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरावा लागे.

हे बाहेर कळलं, आणि मंत्री टीव्हीवर म्हणाले, "काही बायका आपल्या घराची लक्तरं जगाच्या वेशीवर टांगायला निघाल्यात." दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला मेलेली मांजर लटकवलेली होती. पैलवानने ती सोडवली, मागच्या अंगणात पुरली आणि हात धुऊन जागेवर बसली. मग दगड आले. मग फोन. फोनवर एक जण रोज वकीलबाईंना सांगायचा, तुला कशी कशी मारणार ते. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "झालं आपलं? ठेवू मग?"

ते आले ते भर दुपारी.

खालच्या टायरवाल्याने शटर ओढल्याचा आवाज आला आणि पैलवान उभी राहिली. "दुपारी हा कधी बंद करत नाही," ती म्हणाली. "मास्तरीण, बायकांना काढ." आत त्या दिवशी एक बाळंतीण होती, दोन बहिणी होत्या आणि कान तुटलेली एक म्हातारी. न्हाणीघराच्या खिडकीतून शेजारच्या गच्चीवर उतरता येत असे. मी एकेकीला बाहेर ढकललं, बाळ हातोहात दिलं. शेवटी वकीलबाईंना हाक मारली. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, स्वतःच्या देहाकडे पाहिलं.

"अहो, माझं काही तिथून बाळंतपण व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही निघा."

पैलवानने लोखंडी कपाट दाराला लावलं होतं आणि पाठ कपाटाला. बाहेर कुऱ्हाडीचे घाव पडत होते. मी खिडकीत अर्धी आत, अर्धी बाहेर; न्हाणीघराच्या उघड्या दारातून मला ते दिसत होतं. दाराची वरची फळी फुटली, मग कपाट कलंडलं, आणि पहिला माणूस आत आला. हातात कुदळीचा दांडा. नखांत काळं तेल.

"ताई," तो म्हणाला.

"मागे फिर," ती म्हणाली.

तो थांबला. मी ते पाहिलं आहे, म्हणून सांगते. तो चांगला श्वासभर थांबला, दोघं एकमेकांकडे बघत होती. मग त्याने दांडा उचलला आणि तिच्या तोंडावर मारला. डाव्या बाजूला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. ती एका गुडघ्यावर आली, आणि तशीच, खालूनच, तिने नळकांडं फिरवलं. त्याची गुडघ्याची वाटी फुटली. तो ओरडत तिच्या शेजारीच पडला, आणि मागचे त्या दोघांना तुडवत आत घुसले.

मी गच्चीवर उडी मारली. पुढचं तिथून पाहिलं, आणि थोडं ऐकलं. वकीलबाई टेबलामागे बसल्या होत्या. "आपल्याला काय हवंय? बसून बोलू या," असं त्या म्हणत होत्या. त्यांना केसांना धरून ओढलं. लोखंडी जिन्यावरून तसंच खाली नेलं, पायरीपायरीला डोकं आदळत. रस्त्यावर टाकून लाथा घातल्या. एकाच्या पायात कामाचे जड बूट होते, तो नेमून फक्त पोटात मारत होता. वरून कागद, खुर्च्या खाली येत होत्या. कोणीतरी ढिगाला काडी लावली. तेवढ्यात पैलवान जिन्यावरून बसत बसत खाली आली. चेहऱ्याची डावी बाजू म्हणजे नुसतं मांस. ती रांगत वकीलबाईंपर्यंत गेली आणि त्यांच्या अंगावर आडवी झाली. मग लाथा तिला बसू लागल्या. तिने हात डोक्याभोवती घेतले नाहीत, कारण ते तिने बाईंच्या डोक्याभोवती घेतले होते.

ठाणं त्याच रस्त्याच्या टोकाला आहे. पोलीस आले तेव्हा मारणारे दमून निघाले होते.

वकीलबाई शुद्धीवर न येताच काही दिवसांनी गेल्या. पैलवानचा डावा डोळा काढावा लागला. ती दवाखान्यात असतानाच पोलिसांनी दोन्ही प्रकरणांचा निकाल लावून टाकला. वकीलबाईंना मारणारा जमाव अनोळखी, सबब तपास चालू. पैलवानला मारणारा तर तिथेच पडलेला सापडला होता, गुडघा फुटलेला. पण तो तिचा सख्खा भाऊ निघाला. मामा ठाण्यात गेला आणि म्हणाला, "समेट झाला." तक्रार बंद.

हे तिला मी सांगितलं. खाटेवर पडल्या पडल्या तिने ऐकलं. मग म्हणाली, "कचेरीतसुद्धा?"

"कलमात घर असं कुठे लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "घरच्या माणसाने, असं लिहिलंय."

बेटवालीचा फोन आला. नेहमीचा आवाज नव्हता, ती रडत होती. म्हणाली, समितीपुढची तुमची खुर्ची आम्ही रिकामी ठेवणार नाही, कोणीतरी या. संस्थेत उरलेल्या आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खरं सांगायचं तर प्रत्येक जणी दुसरी कोण हो म्हणते याची वाट बघत होती. तेव्हा कोपऱ्यातून पैलवान म्हणाली, "मी जाते."

"अगं, तुला भाषा येत नाही," मी म्हटलं.

"तुला येते ना. मार मी खाल्लाय, तू तो नीट सांग म्हणजे झालं."

आम्ही गेलो. विमानात ती खिडकीशी बसली आणि उजव्या डोळ्याने ढग बघत राहिली. पट्टीखालून पाणी गळत होतं, ते ती फडक्याने टिपत होती. तिथे पोचल्यावर बेटवाली समोर आली. दारातून वाकून यावं लागेल एवढी थोराड बाई. तिने पैलवानचं तोंड दोन्ही हातांत धरलं, मग आपल्या सदऱ्याची कॉलर खाली ओढून दाखवली. कानापासून खांद्यापर्यंत कोयत्याचा वण. पैलवानने त्यावर बोट फिरवलं, मान हलवली आणि आपला पंजा पुढे केला. बेटवालीने तो उलटसुलट करून पाहिला. बाजारात बायका कापडाचा पोत बघतात तशा त्या एकमेकींचे वण बघत होत्या. मग कशावरून कोण जाणे, दोघी हसायला लागल्या. माझं तिथे काही काम नव्हतं.

समितीची खोली मोठी, थंडगार, कुठे धुळीचा कण नाही. प्रत्येकापुढे माईक आणि छोटा दिवा. दिवा लाल झाला की बोलणं संपवायचं. आधी आमच्या सरकारचा प्रतिनिधी बोलला. चांगला सुसंस्कृत माणूस, आवाज मऊ. शेवटी म्हणाला, "अलीकडच्या एका घटनेबद्दल गैरसमज पसरवले जात आहेत. तो भाऊ-बहिणीतला दुर्दैवी कौटुंबिक वाद होता आणि आमच्या कायद्यानुसार त्यात समेट झालेला आहे."

मी हे तिच्या कानात सांगितलं.

"परत सांग," ती म्हणाली. मी परत सांगितलं. तिचा चिकटलेला पंजा माईकच्या दांडीवर गेला. वाटलं, ती उठून त्या माणसाच्या तोंडावर माईक मारते की काय. पुढे तिनेच मला सांगितलं, की ते मनात आलं होतं.

तिची पाळी आली. आम्ही लिहून आणलेला कागद तिने पालथा ठेवला. जबड्यामुळे तिचे शब्द बोबडे येत, ते मी एकेक करून दुसऱ्या भाषेत ठेवत गेले.

"माझा हात नवऱ्याने भाजला," ती म्हणाली. "समेट भावाने केला. माझा जबडा मोडला, समेट भावाने केला. मग भावाने माझा डोळा फोडला, तो समेट मामाने केला. साहेब म्हणतात ते खरं आहे, आमच्याकडे समेट फार होतात. मी त्यातल्या एकातही नव्हते. मला एवढंच विचारायचंय, की वकीलबाईंना मारणारे त्यांचे कोण लागत होते? त्यांना जिन्यावरून डोकं आपटत खाली नेलं, त्या वेळी घरचं कोण होतं तिथे? मी त्यांच्या अंगावर पडले होते. त्यांच्या बरगड्या माझ्या पोटाखाली मोडत होत्या, मला कळत होतं. त्यांचा समेट कोणी केला?"

दिवा लाल झाला. अध्यक्षबाईंनी हात वर केला. तेव्हा बेटवाली आपल्या माईकवरून म्हणाली, "माझी वेळ हिला द्या." तिच्या पलीकडची, डोंगराळ देशातून आलेली एक बाई म्हणाली, "माझीही." दिवा पुन्हा हिरवा झाला.

पण पैलवान पुढे बोललीच नाही. म्हणाली, "माझं सांगून झालं. आता त्यांना विचारा."

अध्यक्षबाईंनी विचारलं. "हा समेट कोणी केला?"

"कुटुंबातल्या ज्येष्ठ पुरुषाने," प्रतिनिधी म्हणाला.

"जखमी बाईंना विचारलं होतं?"

"कायद्यात तशी तरतूद नाही."

"आपल्याच तोंडून हे ऐकायचं होतं," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि लिहून घेऊ लागल्या.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये प्रतिनिधीबरोबरच्या एका माणसाने पैलवानला खांद्याने भिंतीवर दाबलं. पट्टीवर कोपर रुतवलं, रक्त आलं. आमच्याच भाषेत हळूच म्हणाला, "परत घरीच यायचंय ना तुला?"

"हो," ती म्हणाली. "पत्ता देऊ?"

बेटवाली मागून येत होती. तिने त्या माणसाचं मानगूट धरून त्याला बाजूला केलं, मांजराचं पिल्लू बाजूला करावं तसं. तो निघून गेला. पैलवान मग भिंतीला टेकून खाली बसली आणि तिथे, त्या चकचकीत फरशीवर, पहिल्यांदा रडली. मी कधी पाहिलं नव्हतं. एका डोळ्याने रडत होती, दुसरीकडून पट्टीतून लाल पाणी येत होतं. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

समितीने आमच्या सरकारला लेखी बजावलं, हे कलम काढा. सरकारने कागद घेतला आणि गप्प बसलं. मग त्या सात-आठ देशांतल्या बायका आपापल्या शहरांत आमच्या वकिलातींपुढे वकीलबाईंचा फोटो घेऊन बसायला लागल्या. एके ठिकाणी त्यांच्यावर लाठ्या चालल्या. बेटवालीचं मनगट मोडलं. तिने फोनवर सांगितलं, "पैलवानला सांग, आता माझाही पंजा कामातून गेला." पैलवान हसली, पण त्या दिवशी जेवली नाही.

तिकडे एवढं झालं, म्हणून इकडे सरकार हललं, आणि तेही पुरतं नाही. कलम राहिलं. त्यात एवढं घातलं, की हाड मोडलं, अवयव गेला किंवा जीव गेला तर समेट चालणार नाही. पैलवानने माझ्याकडून ते वाचून घेतलं.

"म्हणजे हाड मोडेपर्यंत चालतो," ती म्हणाली.

जुनी प्रकरणं उघडली गेली. भावावर आणि जड बूटवाल्यासकट आणखी काहींवर खटला उभा राहिला. साक्षीला ती आणि मी. भाऊ कुबडी घेऊन पिंजऱ्यात उभा होता. तिला विचारलं, तुम्ही याला ओळखता का? म्हणाली, "मीच वाढवलाय." मग सगळं सांगितलं, एकही फटका न गाळता. बाहेर आलो तर पायऱ्यांवर आई उभी. आईने पायातली चप्पल काढली आणि तिच्या तोंडावर मारली, पट्टी होती त्याच बाजूला. "एकुलता एक होता माझा," आई म्हणाली आणि पुन्हा मारलं. त्या दिवशी पैलवानने हात उचलला नाही. मी मध्ये जायला लागले तर मला मागे सारलं. आई दमेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग खाली पडलेली चप्पल उचलून तिने आईच्या पायाशी सरळ करून ठेवली.

भावाला मोठ्या मुदतीची शिक्षा झाली. ती वर्षभर त्याचं नाव काढत नव्हती. मग एकदा मला म्हणाली, "चल बरोबर." तुरुंगात जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तो. खूप वाळला होता.

"ताई, आई म्हणते तू अर्ज केलास तर शिक्षा कमी होईल," तो म्हणाला.

"करणार नाही."

तो जाळीला बोटं अडकवून उभा होता. "मागचे ढकलत होते गं मला."

"पहिला फटका मागच्यांनी नव्हता मारला."

"नाही," तो म्हणाला. मग, "मी तुला ओळखलं होतं."

"मला माहीत आहे. तू ताई म्हणालास."

शिपाई वेळ झाली म्हणून सांगायला येईपर्यंत ती तिथेच बसून होती, त्याच्याकडे बघत. निघताना तिने विचारलं, "गुडघा दुखतो?" तो म्हणाला, "थंडीत." तिने मान हलवली. फाटकाबाहेर येऊन तिने नळावर तोंड धुतलं आणि बसची वाट बघत उभी राहिली.

आता कचेरी दुसऱ्या रस्त्यावर आहे, तळमजल्यावर, दोन दारांची. बेटवालीच्या देशातलं कलम अजून जसंच्या तसं आहे. यंदा समितीपुढे त्यांची पाळी. पैलवान साक्षीला जाणार आहे आणि मला बरोबर नेणार आहे. परवा म्हणत होती, "त्यांची भाषा जरा शिकव मला, मास्तरीण. निदान शिव्या तरी." मी विचारलं, शिव्या कशाला? म्हणाली, "कॉरिडॉरसाठी."